आगंतुकवत्त : परक्या नगरीत प्रथमच जाणाऱ्यासाठी

विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या आठव्या खंधकाला वत्तक्खंधक म्हणतात. वत्त म्हणजे व्रत, वागण्याची ठरलेली रीत. विहारात नव्याने येणाऱ्या भिक्खूने कसे वागावे, तेथे आधीपासून राहणाऱ्याने त्याचे स्वागत कसे करावे, निघून जाणाऱ्याने काय आवरून जावे, भिक्षेला कसे जावे, अरण्यात राहणाऱ्याने काय जवळ बाळगावे, इतकेच नव्हे तर स्नानगृह आणि शौचकूप कसे वापरावेत, याचे नियम येथे सांगितले आहेत. आपल्याकडील धम्मवर्गांतून धम्मपद वाचले जाते, सुत्तनिपात आणि मिलिंदपञ्ह यांचाही परिचय करून दिला जातो. परंतु वत्तक्खंधकाकडे सहसा कोणी वळत नाही. भिक्खूने वहाणा कोठे झटकाव्यात याच्याशी गृहस्थ उपासकाचा काय संबंध, अशी समजूत असते. प्रस्तुत लेखकाचीही अनेक वर्षे तशीच समजूत होती.

मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, धरणाच्या बाजूला असलेल्या एका गावातील विद्यार्थिनी गेल्या पावसाळ्यात भेटीस आली. तिने पुण्यात पालीचे एम.ए. केले आहे. कोलंबोला पंधरा दिवस जावे, केलनिया विद्यापीठाची पाली व बौद्ध अध्ययनाची पदव्युत्तर संस्था पाहावी, पुढील अध्ययनाची चौकशी करावी आणि जमल्यास अनुराधपुरापर्यंत जाऊन यावे, असा तिचा बेत होता; आणि हे सर्व एकटीने. यापूर्वीचा तिचा दूरचा प्रवास म्हणजे दीक्षाभूमी, सारनाथ आणि बोधगया. तोही वस्तीतील मंडळींबरोबर, ठरवलेल्या बसने, पुढच्या बाकावर बसलेल्या व्यवस्थापकांच्या भरवशावर. घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच.

तिने बरोबर एक वही आणली होती. तीत कोलंबो, कॅन्डी आणि अनुराधपूर येथील सतरा स्थळे, त्यांच्या उघडण्याच्या वेळा आणि प्रवेशमूल्य सुवाच्य अक्षरात लिहिले होते. पहिल्या दिवसाचे पान मात्र कोरे होते. वही मिटताना तिने विचारले, "सर, विमानतळाच्या दाराबाहेर आल्यावर आधी काय करायचं?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आगंतुकवत्त आठवले. ते तिच्यापुढे वाचून दाखवले, तेव्हा ध्यानात आले की अनोळखी गावी पहिल्यांदा पोहोचणाऱ्या माणसासाठी इतकी व्यवहारी सूचना अन्यत्र क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेख हा त्या दिवशीच्या संभाषणाचाच विस्तार होय.

नियमाची पार्श्वभूमी अशी. भगवंत श्रावस्तीला जेतवनात असताना काही आगंतुक भिक्खूंविषयी तक्रार आली. ते पायात वहाणा घालून, छत्री उघडून, डोके झाकून आरामात शिरत. पिण्याच्या पाण्याने पाय धूत. ज्येष्ठांना अभिवादन करीत नसत. आणि राहण्याच्या जागेविषयी काहीच विचारीत नसत. तक्रारीतील शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. न विचारणे हादेखील दोषच मानला गेला. त्यानंतर घालून दिलेल्या नियमांचा क्रम पाहावा. आगंतुकाने प्रवेशापूर्वी वहाणा काढून झटकाव्यात, छत्री मिटावी, मस्तक उघडे करावे, घाई न करता आत यावे. निवासी भिक्खू कोठे एकत्र बसतात ते पाहून तेथे जावे. पिण्याचे पाणी कोणते व वापरण्याचे कोणते, हे विचारावे. आपल्या वाट्याला कोणते शयनासन येते, त्यात कोणी राहते की ते रिकामे आहे, हे विचारावे. कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, म्हणजे गोचर आणि अगोचर, हे विचारावे. शौचाची व लघुशंकेची जागा विचारावी. आणि संघाने आपसात कोणते ठराव केले आहेत, कोणत्या वेळी आत यावे व कोणत्या वेळी बाहेर पडावे, हेही विचारावे.

यात दर्शनीय स्थळांची यादी नाही. पाणी, निजण्याची जागा, शौचाची जागा, जाण्याच्या व न जाण्याच्या वाटा आणि गावाच्या वेळा, एवढेच आहे. यापैकी एकही गोष्ट आगंतुकाने स्वतःच्या बुद्धीने ताडून घ्यावी अशी अपेक्षा नाही. प्रत्येकीबरोबर 'विचारावे' हेच क्रियापद येते.

हे क्रियापद आपल्या समाजाच्या इतिहासात किती महाग पडले आहे, हे वाचकांना सांगावयास नको. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांत १९०१ सालच्या एका प्रवासाची हकीकत आहे. वडिलांच्या आधाराशिवाय केलेला त्यांचा तो पहिलाच मोठा प्रवास. वडील खटाव तालुक्यात नोकरीवर होते. त्यांच्या बोलावण्यावरून बाल भीमराव, थोरले बंधू आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने निघाले. तयारीत उणे काहीच नव्हते. नवे कपडे होते, टोप्या होत्या, शिदोरी होती, खर्चाला पैसे होते आणि आपण येत असल्याचे पत्रही वडिलांना आगाऊ धाडलेले होते. तरीही मसूर स्थानकावर संध्याकाळी कोणी न्यायला आले नाही, कारण पत्र वडिलांच्या नोकराच्या हाती पडले आणि तो ते द्यायला विसरला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मुले महार आहेत असे कळताच स्थानकप्रमुख दूर सरले. गाडीवाला दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर. रात्रभर जवळ अन्न असून पाण्याच्या थेंबाअभावी ते खाता आले नाही. पाणी कोठे मिळेल, हा आगंतुकवत्तातला पहिलाच प्रश्न. तो विचारल्यावर त्या बालकांना नकार मिळाला.

१९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास जाताना त्यांच्यापुढे तोच दुसऱ्या क्रमाचा प्रश्न उभा राहिला: राहावयाचे कोठे? तोपर्यंत न्यूयॉर्क आणि लंडन पाहून झाले होते. तेथे न पडलेला प्रश्न आपल्याच देशातील एका संस्थानाच्या राजधानीत पडला. पारशी वसतिगृहात पारशी नाव नोंदवून ते राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या टिपणांचे शीर्षक किती बोचरे आहे, हे परदेशी जाण्यासाठी व्हिसाच्या अर्जापुढे बसलेल्या माणसाला विशेष जाणवेल.

अशा पिढ्यांतून आलेला माणूस विचारण्याचेच टाळू लागतो. प्रस्तुत लेखकाचे आजोबा बाजाराला जाताना स्वतःचा तांब्या बरोबर नेत. परगावी कोणाला पाणी विचारू नये, ही त्यांची शिकवण. कोलंबोला पहिल्यांदा जाण्याचा योग आला, तेव्हा विमान मध्यरात्रीनंतर उतरले. गाडी पाठवितो असे कळविणाऱ्यांची गाडी आली नव्हती. चौकशीची खिडकी समोर वीस पावलांवर होती, तीत दिवा होता आणि माणूसही बसलेला होता. तरीही पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिलो. पाण्याची बाटली संपली तेव्हाही उठलो नाही. पालीची पदवी होती, हातात पासपोर्ट होता, परंतु आजोबांचा तांब्या अजून हातून सुटला नव्हता. सकाळी सफाई करणाऱ्या एका बाईने आपण होऊन विचारले, तेव्हा पाच मिनिटांत सर्व मार्गी लागले. आपली अनेक मंडळी परदेशी जाताना सहलीच्या जथ्यातूनच जातात. त्यामागे काटकसर आणि सोबतीची आवड असते हे खरे. पण जथ्यात कोणाला काही विचारावे लागत नाही, हेही एक कारण असावे, असे वाटते.

आता आगंतुकवत्तातील एकेक प्रश्न घेऊन कोलंबोच्या प्रवासाचा विचार करू.

प्रथम शयनासन. पहिल्या दोन रात्रींची जागा निघण्यापूर्वी ठरलेली असावी. संपूर्ण पंधरा दिवसांची ठरवू नये. याचे कारण बाबासाहेबांच्याच न्यूयॉर्कमधील पहिल्या दिवसांत सापडते. ते १९१३ च्या जुलै महिन्यात तेथे पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण मानवेना, म्हणून साधारण आठवड्याभरात ते हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे नवल भथेना यांच्यासमवेत लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. बडोद्याची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. तेवढ्यात सर्व भागवायचे होते. पहिली जागा चुकली तर ती बदलण्यात कमीपणा नाही. मात्र बदलण्याची मोकळीक राहावी म्हणून आधीच सर्व पैसे भरून हात बांधून घेऊ नयेत.

जागेविषयी विनयात आणखी एक गोष्ट आहे. एक आगंतुक भिक्खू रिकाम्या कुटीचा अडसर काढून एकदम आत शिरला आणि वरून त्याच्या खांद्यावर साप पडला. तो भिऊन ओरडला. तेव्हापासून नियम झाला: आधी दार ठोठवावे, क्षणभर थांबावे, मग दार उघडून बाहेर उभ्यानेच आत पाहावे. कोलंबोच्या अतिथिगृहात सापाचे भय बहुधा नसेल. परंतु खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, दाराची कडी आतून नीट लागते का आणि खिडकी कोठे उघडते हे तपासल्याशिवाय सामान आत नेऊ नये, एवढा त्याचा अर्थ आजही लागू आहे. एकट्या स्त्रीने तर हा नियम पाठच करावा.

पोहोचण्याची वेळ दिवसाची निवडावी. कोलंबोचे बंडारनायके विमानतळ शहरात नाही, तीसहून अधिक किलोमीटर उत्तरेस कटुनायके येथे आहे. मुंबईहून थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात. परंतु मुळशीहून मुंबईचे विमानतळ गाठणे हाच यातला मोठा प्रवास आहे. पावसाळ्यात चांदणी चौकापर्यंतचा रस्ता आणि पुढे घाट यांचा हिशेब धरून चांगले आठ तास हाताशी ठेवावेत. घड्याळ बदलावे लागत नाही. २००६ पासून तेथील वेळ आणि आपली वेळ एकच आहे.

पाण्याविषयी. बंद बाटलीचे किंवा उकळलेले पाणी प्यावे हे कोणीही सांगेल. विचारावे कसे, हे पालीच्या विद्यार्थ्याने शिकून जावे. सिंहलीत पाण्याला 'वतुर' म्हणतात आणि 'कोठे' याला 'कोहेद'. शौचकूपाला 'वॅसिकिळिय' म्हणतात. विनयातील 'वच्चकुटि' हाच शब्द शतकांच्या तोंडून घासत तेथवर आला आहे. पौर्णिमेच्या 'पोय' या नावात 'उपोसथ' दडलेला आहे. पालीच्या आधारे सिंहली बोलता येईल असा भ्रम मात्र नको. व्याकरण वेगळे, उच्चार वेगळे, आणि लिपी तर पूर्णपणे निराळी. म्हणून राहण्याच्या जागेचा पत्ता सिंहली लिपीत कागदावर उतरवून घ्यावा आणि तो मोबाइलमध्ये नव्हे, खिशात ठेवावा. तमिळ हीही तेथील राजभाषा आहे आणि शहरात इंग्रजीवर काम भागते.

गोचर आणि अगोचर हा विषय थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. फोर्ट रेल्वेस्थानक आणि त्यालगतचे पेट्टा बसस्थानक या दोन जागा कळल्या की निम्मे कोलंबो कळते. कॅन्डीची व अनुराधपुराची गाडी फोर्टवरूनच सुटते. रिक्षा मीटरने किंवा 'पिकमी' या तेथील मोबाइल सेवेवरून ठरवावी. गॉल फेसच्या परिसरात एखादा सभ्य गृहस्थ भेटतो आणि विहारात हत्तींचा मोठा उत्सव असून तो फक्त आजच आहे असे सांगून रिक्षात बसवतो. नंतर भाडे दसपट होते. विहाराचे नाव ऐकून आपला माणूस लवकर भुलतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दिशांचे भान असावे. अरण्यवासी भिक्खूंच्या नियमांमागे एक मजेदार कथा आहे. त्यांच्याकडे चोर आले. पाणी आहे का, विस्तव आहे का, आज कोणते नक्षत्र, ही दिशा कोणती, असे त्यांनी एकामागून एक विचारले आणि भिक्खूंना कशाचेच उत्तर देता येईना. हे अरण्यवासी नव्हेत, हेच चोर आहेत, असे म्हणून चोरांनी त्यांना बदडले! तेव्हापासून नक्षत्रे आणि दिशा शिकणे हे अरण्यवासीयाचे कर्तव्य ठरले. मोबाइलमधील नकाशावर विसंबलेल्या आगंतुकाची बॅटरी संपली की त्याची अवस्था याहून निराळी नसते. कोलंबोचे बरे असे की समुद्र पश्चिमेला आहे, मुंबईसारखाच, आणि गॉल रस्ता त्याला धरून उत्तर-दक्षिण जातो. एवढे डोक्यात असले की रस्ता चुकला तरी दिशा चुकत नाही.

आता संघाचे ठराव, म्हणजे त्या गावाच्या वेळा आणि मर्यादा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा ही पोय म्हणून सार्वजनिक सुटी असते. बँका व कचेऱ्या बंद असतात, मद्यविक्री बंद असते, पांढरी वस्त्रे नेसलेल्या उपासक-उपासिकांनी बसगाड्या भरून वाहतात. ते दृश्य पाहण्यासारखे आहे. पण त्या दिवशी पोहोचू नये. मे महिन्यातील वेसाकला कोलंबोत आणि जूनमधील पोसोनला मिहिंतले-अनुराधपुरात जागा मिळणे कठीण होते. पहिल्या प्रवासासाठी जानेवारी ते मार्च हे महिने बरे. तेव्हा कोलंबोकडे पाऊसही कमी असतो.

विहारात वहाणा आणि टोपी काढावी, खांदे व गुडघे झाकलेले असावेत, पांढरे वस्त्र उत्तम. जेतवनातील तक्रारीचा विषय तेथे आजही तसाच्या तसा पाळला जातो, हे पाहून पालीच्या अभ्यासकाला आनंद होईल. आपल्या तरुणांसाठी एक सूचना आवश्यक आहे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अनादर समजला जातो, आणि अंगावर बुद्धप्रतिमा गोंदवलेली असणे तर गंभीर मानले जाते. २०१४ मध्ये दंडावर बुद्धप्रतिमा गोंदवलेल्या एका ब्रिटिश स्त्रीला विमानतळावरच अटक करून परत पाठविण्यात आले. आपल्याकडे श्रद्धेने असे गोंदवून घेणारे पुष्कळ आहेत. श्रद्धा दोन्हीकडे आहे, रीत वेगळी आहे. बाही लांब असावी हे उत्तम.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बौद्धांच्या देशात जात नसेल अशा अपेक्षेने जाऊ नये. १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायाने उपसंपदा गोविगम जातीपुरतीच राखली. म्हणून इतर जातींतील भिक्खूंना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरपुर निकाय उभा राहिला. परक्या भारतीयाला हे सहसा जाणवत नाही. परंतु ठाऊक असावे, म्हणजे कोणी सहज आपले 'कूळ' विचारले तर दचकायला होणार नाही आणि भाबडेपणाने निराशाही पदरी येणार नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. पासपोर्टचा अर्ज आता संगणकावरून होतो. पुण्याचे सेवाकेंद्र मुंढव्यास आहे, म्हणजे मुळशीकरांना सगळे शहर ओलांडून जावे लागते. आपल्या घरांत आडनाव बदलल्याने शाळेचा दाखला एका नावाचा आणि आधारपत्र दुसऱ्या नावाचे, असे वारंवार आढळते. हा मेळ आधी बसवावा. त्याला महिने लागू शकतात. पासपोर्टवर जात छापलेली नसते, धर्मही नसतो. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी तो हातात घेऊन सगळी पाने उलटून पाहिली, असे तिने सांगितले. प्रवासाच्या वेळी त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. श्रीलंकेचा प्रवेशपरवाना ईटीए नावाने संगणकावरून मिळतो, पण त्याचे नियम व शुल्क बदलत असतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये ही पद्धत बदलली, ऑगस्टमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नव्या पद्धतीला स्थगिती दिली आणि जुनी पद्धत परत आली. म्हणून निघण्याच्या आठवड्याभर आधी तेथील शासनाच्या अधिकृत पानावरच खात्री करावी. तशाच रूपाची दलालांची पाने असतात, त्यांना भुलू नये. बँकेचे कार्ड परदेशी व्यवहारासाठी चालू करून घ्यावे आणि थोडी रोकड दोन निरनिराळ्या जागी ठेवावी. तेथे पोलिसांसाठी ११९ आणि रुग्णवाहिकेसाठी १९९० हे क्रमांक आहेत. ही रुग्णवाहिका सेवा २०१६ मध्ये भारताच्या साहाय्याने सुरू झाली.

पहिल्या परदेशप्रवासासाठी कोलंबोच का, असे कोणी विचारील. चिनी भिक्खू इत्सिंग ६७१ साली समुद्रमार्गे भारताकडे निघाला, पण थेट नालंदेला आला नाही. सुमात्रा बेटावरील श्रीविजयात तो सहा महिने राहिला, तेथे संस्कृत व्याकरण शिकला, आणि ६७३ साली ताम्रलिप्तीला उतरल्यावरही भाषेसाठी थांबला. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्खूने आधी श्रीविजयात एक-दोन वर्षे राहून रीतिभाती शिकाव्यात, असा सल्लाही त्याने पुढील मंडळींना दिला. अर्ध्या वाटेवरचे, अर्धे ओळखीचे गाव आधी करावे, ही त्याची पद्धत. आपल्या माणसासाठी कोलंबो किंवा काठमांडू हे तसे श्रीविजय आहे. काठमांडूला तर भारतीय नागरिकाला व्हिसाही लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येते. बँकॉक, क्योतो, लंडन नंतर.

पण अर्धे ओळखीचे गावही कसोटी पाहते. धर्मानंद कोसंबी १९०२ साली प्रथम काठमांडूला गेले. तेथे जो बुद्धधर्म भेटेल असे त्यांना वाटले होते तो भेटला नाही. मग ते बोधगयेस आले, तेथे सिंहलद्वीपाला जाण्याचा सल्ला मिळाला, आणि कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या साहाय्याने ते कोलंबोस पोहोचले. माळिगाकंद येथील विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांजवळ त्यांनी पालीचे अध्ययन आरंभिले आणि श्रामणेर-दीक्षाही घेतली. पुढे आधुनिक महाराष्ट्राला पाली शिकवणाऱ्या या पुरुषाला कोलंबोत हैराण केले ते अभिधम्माने नव्हे, जेवणाने. ते प्रकृतीला मानवेना आणि अखेरीस त्यांना मद्रासेस परतावे लागले. 'निवेदन' या आत्मचरित्रात हे सर्व त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. तेव्हा सुरुवातीचे चार दिवस पुरेल असे थोडे घरचे खाणे बरोबर नेण्यात काही लाजिरवाणे नाही. नारळ आणि मिरची या दोहोंचा हात तेथे सढळ असतो. सुके मासे तर भाजीतही भेटतात. शाकाहार करणाऱ्याने जेवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

निघणाऱ्या भिक्खूसाठी गमिकवत्त आहे. त्याने भांडीकुंडी आवरावी, दारे-खिडक्या लावाव्यात आणि शयनासन कोणाच्या तरी स्वाधीन करून, सांगून निघावे. भिक्खू नसेल तर श्रामणेराला, तो नसेल तर आरामिकाला, तोही नसेल तर उपासकाला सांगावे. एकाच माणसावर विनयाने भिस्त ठेवलेली नाही. मसूरच्या स्थानकावर जे घडले त्याचा मोठा दोष जातिव्यवस्थेचा, हे निर्विवाद आहे. परंतु एक पत्र, एक नोकर, एक विसर, एवढ्यावर चार मुलांचा प्रवास टांगलेला होता, हेही ध्यानात ठेवावे. त्या विद्यार्थिनीला म्हणून सांगितले: विमानाचा क्रमांक, पहिल्या दोन रात्रींचा पत्ता आणि पोहोचल्याचा निरोप किती वाजेपर्यंत येईल ती वेळ, हे तिघांना लिहून द्यावे. एक प्रत घरी, एक मैत्रिणीकडे, एक कोलंबोतील यजमानांकडे. निरोप आला नाही तर कोणी कोणाला फोन करायचा, तेही त्याच कागदावर असावे. भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांक शेवटी.

तिच्या आत्याबाईंचा आक्षेप वेगळाच होता. भिक्खुणीने एकटीने गावोगाव जाऊ नये असा भगवंतांचाच नियम असताना ही कशी जाते? नियम आहे, हे खरे. परंतु नियमाला निमित्त कोणते झाले ते विनयातच नमूद आहे: वाटेत एकट्या भिक्खुणींवर अत्याचार झाले. दोष वाटेचा आणि वाटेवरील पुरुषांचा होता. स्त्रीला मार्ग समजत नाही असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. शिवाय तो नियम भिक्खुणींसाठी आहे. अनुराधपूर ही अनोळखी नगरी गाठण्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या संघमित्रा थेरींबरोबर अकरा भिक्खुणी होत्या, असे परंपरा सांगते. आपल्या विद्यार्थिनीबरोबर तितक्या नाहीत, म्हणून तिने दिवसा पोहोचावे, कडी पाहावी आणि तीन कागद ठेवून जावे. आत्याबाईंचे समाधान पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. त्यांनी शेंगदाण्याची चटणी मात्र करून दिली आहे.

आगंतुकवत्ताच्या लगोलग आवासिकवत्त येते, हे सांगायचे राहिले. आगंतुक ज्येष्ठ असेल तर निवासी भिक्खूने आसन मांडावे, पाय धुण्याचे पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे, पिण्यास पाणी हवे का असे आपण होऊन विचारावे. आगंतुक धाकटा असेल तर बसल्या जागेवरून का होईना, पाणी कोठे, झोपायचे कोठे, जायचे कोठे हे सांगावे. पुण्यात शिकण्यासाठी श्रीलंका, म्यानमार, थायलंड आणि व्हिएतनाम येथील भिक्खू व विद्यार्थी येत असतात. पावसाळ्याच्या आरंभी, खोली शोधण्याच्या दिवसांत, त्यांच्यापैकी काहीजण पत्त्याचा कागद हातात धरून रिक्षाथांब्यावर उभे असलेले दिसतात. विहाराच्या फाटकावर पिण्याच्या पाण्याची आणि शौचकूपाची पाटी इंग्रजीतही लावावी, अशी सूचना त्या विद्यार्थिनीने निघण्यापूर्वी आमच्या कार्यकारिणीकडे दिली आहे. पुढील बैठकीत ती विचारार्थ घेतली जाईल.